दर जुलैत कूसा डॉगवुडची पानं कडेने करपतात? आधी बुंध्याभोवतीची माती बाजूला करा

जूनमध्ये टोकदार पांढऱ्या पाकळ्यांनी गच्च भरलेलं झाड, आणि जुलै संपता संपता त्याच झाडाची पानं कडेने तपकिरी, कुरकुरीत, वर वळलेली. पाणी देऊन झालं, खत घालून झालं, कोणी सांगितलं म्हणून बुरशीनाशकही मारून झालं. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेटिकट या पट्ट्यात घरांपुढे कूसा इतका लावला जातो की ही तक्रार दर वर्षी कानावर येते. नवं घर घेतलं की पुढच्या अंगणात बिल्डरने लावून दिलेल्या झाडांत बऱ्याचदा एक कूसा असतो, त्यामुळे आपल्या मंडळींकडून तर जास्तच.

उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकते. बहुतेक वेळा झाडाला रोग झालेला नसतो, ते तहानलेलं असतं. आणि पाणी देत असूनही तहानलेलं असतं, कारण ते पाणी मुळांपर्यंत पोचत नाही, किंवा पोचलेलं पाणी वर चढत नाही. म्हणून तपासणी पानापासून सुरू करा, पण बुंध्याशी गेल्याशिवाय थांबू नका.

पान हातात घेऊन बघा

एक पान तोडा. कूसाच्या शिरा मधल्या शिरेतून निघून पानाच्या कडेला समांतर वळत टोकाकडे जातात. झाड डॉगवुडच आहे ना, अशी शंका असेल तर पान आडवं फाडा आणि दोन्ही तुकडे हलक्या हाताने लांब न्या. शिरांमधून अगदी बारीक पांढरे धागे ताणले जातात आणि खालचा तुकडा त्या धाग्यांवर लोंबकळत राहतो. डॉगवुडच्या कुळाची ही खूण सहसा चुकत नाही.

आता करपलेला भाग बघा. तहानेने करपलेल्या पानात तपकिरी रंग कडेपासून सुरू होतो, शिरांच्या मधल्या जागेतून आत सरकतो, आणि मधल्या शिरेलगतचा पट्टा शेवटपर्यंत हिरवा राहतो. झाडभर दिसलं तरी शेंड्याला आणि दुपारच्या उन्हाच्या बाजूला ते जास्त असतं. याला पाणी, मुळं आणि ऊन एवढीच कारणं असतात. फवारणीचा इथे काडीचा उपयोग नाही.

दुपारी पानं मधल्या शिरेवर दुमडून वर वळली, पण रंग हिरवा आणि संध्याकाळी पुन्हा सपाट, तर काळजी करू नका. कडक उन्हात कूसा पानं अशी मिटतोच. मात्र सकाळी आठ वाजताही ती मिटलेलीच असतील तर मुळाशी ओल नाही असं समजा.

दुसरं काही असेल तर ते असं ओळखता येतं. पानावर सुटे सुटे गोल डाग, त्यांना जांभळट कडा, तर ती बुरशी. डॉगवुडवरचा सगळ्यात घातक बुरशीजन्य रोग डिस्क्युला डिस्ट्रक्टिव्हा या बुरशीचा. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात तो अमेरिकेत दिसू लागला आणि पूर्वेकडच्या जंगलांतले इथले मूळचे फ्लॉवरिंग डॉगवुड त्याने मोठ्या प्रमाणावर मारले. कूसा त्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, म्हणून तर नर्सऱ्यांनी तो उचलून धरला. त्यामुळे कूसावर लगेच त्या रोगाचा शिक्का मारू नका. पानावर पांढरी पूड दिसली तर ती भुरी. नाशिकच्या द्राक्षबागा पाहिलेल्यांना ती ओळखायला शिकवावी लागत नाही. तीही कूसावर कमीच येते.

पानं वसंतातच पिळवटलेली, अरुंद, शिरा एकमेकींजवळ ओढल्यासारख्या दिसल्या तर लॉनवर काय टाकलंय ते आठवा. तण मारणारी आणि खत देणारी अशी दुहेरी पिशवी मिळते. तिच्यात बऱ्याचदा डायकांबा किंवा 2,4-डी असतं. ही द्रव्यं रुंद पानांच्या तणांसाठी असतात, आणि डॉगवुड हेही रुंद पानांचंच झाड. त्याची मुळं लॉनखालीच पसरलेली असतात. फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्या थोडं पलीकडेही ही पिशवी वापरू नका.

ड्राइव्हवेच्या बाजूच्याच फांद्या, तेही मे-जूनमध्येच कडेने जळल्या असतील, तर हिवाळ्यात टाकलेलं मीठ जबाबदार असू शकतं. बर्फ वितळला की मार्च-एप्रिलमध्ये त्या बाजूच्या मातीतून भरपूर पाणी जाऊ द्या, म्हणजे मीठ धुवून खाली जाईल.

एक शक्यता मात्र घरी ओळखता येत नाही. झायलेला नावाच्या जिवाणूमुळेही पानं कडेने करपतात. न्यू जर्सीतल्या ओकवर हा रोग भरपूर आहे आणि फ्लॉवरिंग डॉगवुडवरही त्याची नोंद आहे. त्यात करपणं ऑगस्टच्या सुमारास सुरू होतं, जळक्या भागाच्या आतल्या कडेला पिवळी रेघ दिसते, आणि यंदा एक फांदी, पुढच्या वर्षी दोन, असं ते वाढत जातं. असा प्रकार दिसला तर पानं न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाच्या वनस्पती निदान प्रयोगशाळेकडे पाठवा. नुसत्या फोटोवरून कोणी निदान केलं तर त्यावर झाड तोडू नका.

हे झाड आलंय कुठून

कूसा मूळचा जपान, कोरिया आणि चीनमधला. जपानमध्ये त्याला यामाबोशी म्हणतात. डोंगरउतारांवर, मोठ्या झाडांच्या कडेला, अर्धवट सावलीत तो वाढतो. खाली वर्षानुवर्षं कुजलेल्या पानांचा थर असतो, माती आम्ल आणि भुसभुशीत असते. मुख्य म्हणजे तिकडे जून-जुलैत पावसाळा असतो. आपल्याकडे ज्या मोसमी वाऱ्यांनी मृगाचा पाऊस येतो, त्याच मोठ्या आशियाई मोसमी व्यवस्थेचा पूर्वेकडचा हात तिकडे पाऊस पाडतो. म्हणजे हे झाड जेव्हा भर पानात असतं, सर्वात जास्त पाणी ओढत असतं, तेव्हा त्याच्या गावी आभाळ गळत असतं.

न्यू जर्सीत वर्षाला साधारण 45 ते 50 इंच पाऊस पडतो, पण तो बारा महिन्यांत वाटलेला. जुलैत दोन-तीन आठवडे कोरडे जाणं आणि पारा 95 फॅरनहाइटवर चढणं इथे नेहमीचं. कूसाची खाणारी मुळं वरच्या फूटभर मातीतच असतात, त्यामुळे ती सुकायला वेळ लागत नाही. निरोगी मुळांचं, नीट जागी लावलेलं झाड हे सोसतं. ज्याच्या मुळांत आधीच खोट आहे, ते दर जुलैत उघडं पडतं. शेजाऱ्याचा कूसा हिरवागार आणि आपला करपलेला, पाऊस दोघांनाही सारखाच, असं असेल तर खोट मुळांत शोधा.

बुंध्याशी बसा

झाडाचा बुंधा जमिनीत शिरण्याआधी रुंद व्हायला हवा. चारी बाजूंनी मुळांचे फुगवटे फुटलेले दिसायला हवेत. तुमच्या झाडाचा बुंधा विजेच्या खांबासारखा सरळ जमिनीत गेलेला असेल, तर झाड खोल लावलंय, किंवा त्याच्यावर माती आणि मल्च (लाकडाच्या तुकड्यांचं किंवा सालीचं आच्छादन) चढवलंय, किंवा दोन्ही.

मल्चचा तो उंच ढीग तुम्ही पाहिलाच असेल. दर वसंतात लँडस्केपर येतो, जुन्यावर नवा थर टाकतो, बुंध्याला टेकवून छान गोल डोंगर करतो आणि बिल देऊन जातो. रस्त्यावरून सुबक दिसतं, झाडाला मात्र ते हळूहळू मारतं. बुंध्याची साल उघड्या हवेसाठी बनलेली असते. कायम ओलीखाली राहिली की ती मऊ पडते. नवी मुळं मातीत खाली जाण्याऐवजी वर मल्चमध्ये शिरतात, कारण तिथे हवा आणि ओल दोन्ही मिळतं. जुलैत तो मल्च वाळला की मुळंही वाळतात, आणि चारच दिवसांत पानांच्या कडा जातात.

हाताने किंवा लहान खुरप्याने मल्च बाजूला करा. फावडं नको, साल दुखावते. वरचा थर कोरडा, राखाडी, खपलीसारखा जमलेला असतो. त्याच्यावर पाणी ओतून बघा, पुष्कळदा ते आत न जाता उताराने बाहेर वाहून जातं. स्प्रिंकलर रोज चालू असून झाड कोरडं का, याचं उत्तर इथेच मिळतं. खपलीखाली काळपट ओला थर, त्यात पांढुरक्या केसमुळांचं जाळं. ती बुंध्यालगतची केसमुळं खुशाल कापून काढा. मग हळूहळू खाली जा. वरची साल खवल्यांची, करड्या-तपकिरी ठिपक्यांची. दबलेली साल काळी आणि ओली. दोन इंच, चार इंच, कधी सहा इंच खाली गेल्यावर पहिलं जाड मूळ लागतं. तीच झाडाची खरी जमिनीची पातळी.

तिथे पोचलात की मुळांची दिशा बघा. बाहेर जाणारी मुळं चांगली. एखादं मूळ बुंध्याला वळसा घालून बसलं असेल तर तेच तुमचं उत्तर असण्याची दाट शक्यता. कुंडीत फार दिवस राहिलेल्या रोपांत मुळं गोल फिरू लागतात, आणि जमिनीत लावल्यावरही तशीच जाड होत जातात. बुंधा एकीकडून फुगतो, मूळ दुसरीकडून, आणि मधे लाकडातून पाणी नेणाऱ्या वाटा चिमटतात. ज्या बाजूला फास आहे त्या बाजूला बुंधा चपटा दिसतो, आणि वरच्या त्याच बाजूच्या फांद्या आधी करपतात. झाडाची एकच बाजू दर वर्षी करपत असेल तर खाली नेमकी त्याच बाजूला बघा.

बोटाएवढं वळसा घातलेलं मूळ धारदार पटाशीने किंवा छोट्या करवतीने दोन ठिकाणी कापून मधला तुकडा काढून टाका. तो बुंध्यात रुतला असेल तर ओढू नका, कापून तसाच राहू द्या, यथावकाश कुजेल. मनगटाएवढं जाड असेल, किंवा अशी तीन-चार मुळं एकमेकांत गुंतली असतील, तर प्रमाणपत्र असलेल्या आर्बोरिस्टला, म्हणजे वृक्षतज्ज्ञाला बोलवा. हवेच्या झोताने माती उडवणारं यंत्र त्यांच्याकडे असतं, त्यामुळे मुळं न दुखावता सगळं उघडं होतं. कोणतं मूळ यंदा कापायचं आणि कोणतं पुढच्या वर्षी, हे तिथे बघूनच ठरतं. खर्च होतो, पण वाढलेला कूसा काढून नवा लावण्याच्या मानाने कमीच.

आणखी एक गोष्ट खाली सापडू शकते: मुळांच्या गोळ्याला गुंडाळलेलं गोणपाट, तारेची टोपली, किंवा बुंध्याभोवती बांधलेली नायलॉनची दोरी. गोणपाट तागाचं असेल तर कुजतं. प्लास्टिकचं असेल तर वर्षानुवर्षं तसंच राहतं. वरचा भाग कापून काढा, दोरी तर आधी.

सगळं उघडं झाल्यावर मल्च पुन्हा घाला, पण दोन-तीन इंचच, आणि बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून. बाहेरच्या बाजूला मात्र जमेल तितका पसरवा, फांद्यांच्या घेरापर्यंत गेला तर उत्तम. लाकडाचे तुकडे किंवा शरदात पडलेली पानं चालतात. त्या घेरात लॉन नको. गवत तेवढंच पाणी ओढतं, आणि गवत कापताना यंत्राची दोरी बुंध्याला लागून साल सोलली जाते.

पाणी: रोज नको, खोल हवं

पाणी देण्याआधी एक लांब स्क्रूड्रायव्हर मातीत खुपसा. सहा-आठ इंच सहज गेला आणि ओली माती घेऊन बाहेर आला, तर पाणी नको. दोन इंचांवर अडला तर खाली कोरडं आहे. मल्च ओला दिसतो यावर विसंबू नका.

रोज दहा मिनिटं चालणारा स्प्रिंकलर गवतासाठी असतो. झाडाला आठवड्यातून एकदा, फार कडक उन्हात दोनदा, पण भरपूर पाणी हवं. बुंध्याच्या दर इंच जाडीमागे साधारण 10 गॅलन, हा नव्या झाडासाठी नेहमीचा हिशोब. होस अगदी बारीक सोडून फांद्यांच्या घेराखाली दोन-तीन ठिकाणी फिरवत ठेवा. बुंध्यावर धार सोडायची नाही. लावून दोन-तीन वर्षं झाली म्हणून पाणी बंद करू नका. कोरडा आठवडा आला की मोठ्या कूसालाही ते लागतं.

शरदातलं पाणी बहुतेक जण विसरतात. 2024चा ऑक्टोबर न्यू जर्सीच्या नोंदींतला सर्वात कोरडा महिना होता, अख्ख्या महिन्यात पाऊस पडलाच नाही म्हटलं तरी चालेल. असं शरद गेलं की मुळं कोरड्या मातीत हिवाळ्यात शिरतात आणि पुढच्या जुलैत त्याची वसुली होते. जमीन गोठेपर्यंत पाणी देत राहा.

उलट प्रकारही होतो. न्यू जर्सीच्या एडिसन, सॉमरसेट भागात लाल शेल खडकाची माती आहे. रंग पाहून कोकण आठवतं, पण ती चिकट आणि घट्ट, त्यात बांधकामाच्या अवजड गाड्यांनी दाबलेली. खड्ड्यात पाणी तुंबलं तर मुळं गुदमरून कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढत नसल्याने पानं अगदी तहानेसारखीच करपतात. झाडापासून थोड्या अंतरावर फूटभर खड्डा खणून पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाला इंचभरही पाणी उतरत नसेल तर निचऱ्याची अडचण आहे. अशा ठिकाणी पाणी कमी करा, कंपोस्ट वरून पसरवत राहा. माती फारच वाईट असेल तर उंचवट्यावर नवं झाड लावणं हाच शहाणपणाचा मार्ग.

माती परीक्षण करून घ्या. तुमच्या काउंटीच्या रटगर्स विस्तार कार्यालयातून त्याची माहिती मिळते. कूसाला सामू (pH) 5.5 ते 6.5च्या आसपास आवडतो. लॉनसाठी दर वर्षी चुना टाकत असाल तर झाडाच्या घेरात तो टाकू नका. आणि जुलैत करपलेलं झाड पाहून घाईने खत घालू नका. नत्राने नवी कोवळी पानं फुटतात आणि पाण्याची मागणी वाढते, नेमकी पाणी नसताना.

फुलं कमी येतात त्याचं काय

ही दुसरी तक्रार याच तक्रारीचा पुढचा भाग आहे. आपण पाकळ्या म्हणतो ती खरं तर फुलांच्या गुच्छाखालची चार पांढरी, पाकळीसारखी पानं. खरी फुलं मधल्या हिरवट गोळ्यात, 20 ते 40 बारीक फुलांचा गुच्छ. पुढच्या जूनची फुलं ज्या कळ्यांतून येतात त्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात, म्हणजे पानं करपत असतात त्याच काळात. जुलै-ऑगस्टमध्ये तहानलेलं झाड पुढच्या वर्षीच्या कळ्यांवरच काटकसर करतं. म्हणून मुळं आणि पाणी सुधारलं तरी फुलांत फरक दिसायला एक पूर्ण वर्ष जातं.

शरदात किंवा हिवाळ्यात छाटणी केलीत तर तयार कळ्याच कापल्या जातात. छाटायचंच असेल तर फुलं सरल्या सरल्या. बीपासून वाढवलेलं झाड असेल तर थांबावं लागतं, पहिलं फूल यायला बरीच वर्षं लागू शकतात. एक वर्ष भरघोस आणि पुढचं बेताचं, हेही कूसात चालतं.

फुलं छान येतात पण शरदात ती लाल, खरबरीत फळं धरतच नाहीत, असं कोणी विचारलं तर झाडाचं लेबल बघायला सांगा. रटगर्समध्ये डॉ. एल्विन ऑर्टन यांनी फ्लॉवरिंग डॉगवुड आणि कूसा यांचा संकर करून काढलेली स्टेलर मालिका इकडे खूप लावली जाते. ऑरोरा, कॉन्स्टलेशन, स्टेलर पिंक ही त्यातली नावं. या संकरित झाडांना फळ जवळजवळ धरत नाही. त्यात झाडाचा दोष नाही आणि उपायही नाही. खऱ्या कूसाचं फळ मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मऊ झाल्यावर जरूर खाऊन बघा. साल कडसर असते, ती सोडून आतला केशरी गर चोखायचा.

करपलेली पानं काढायची का

नाही. जळलेली कड पुन्हा हिरवी होत नाही, पण मधला हिरवा भाग अजून अन्न बनवत असतो. सारी पानं ओरबाडली तर झाडाची उरलीसुरली कमाई जाते. एखादी फांदी वाळल्यासारखी वाटली तर नखाने साल खरवडून बघा. खाली हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे, पुढच्या वसंतापर्यंत तिला हात लावू नका.

मुळं ठीक, निचरा ठीक, पाणी ठीक आणि तरीही दर वर्षी करपतं, तर जागा चुकली आहे. पश्चिमेला उघडी भिंत, शेजारी डांबरी ड्राइव्हवे, दुपारी दोन ते सहा थेट ऊन आणि भिंतीवरून परतणारी धग, अशा जागी कूसा कधीच सुखी होत नाही. बुंधा दोन इंचांच्या आतला असेल तर हलवता येतो. मार्चमध्ये, कळ्या फुगण्याआधी, बुंध्याच्या दर इंच जाडीमागे किमान 10 ते 12 इंच व्यासाचा मातीचा गोळा राखून काढा, आणि घराच्या पूर्वेला, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल तिथे लावा. मुळांचा फुगवटा जमिनीच्या किंचित वर राहील इतकाच खड्डा खणा. हलवल्यावर पहिल्या दोन उन्हाळ्यांत काही पानं करपतीलच. त्या काळात स्क्रूड्रायव्हरने ओल तपासून पाणी देत राहायचं.